एलव्हॅड बसवून घरी आल्यावर: पंपाचे आकडे आणि हृदयाची खबर

एलव्हॅड म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला मदत करणारा, छातीत बसवलेला पंप. तो बसवून घरी आलेल्या माणसाचं मनगट धरलं तर बहुतेक वेळा नाडी लागत नाही. याला बिघाड समजू नका. हल्लीचे पंप डाव्या कप्प्यातून रक्त सलग ओढतात आणि महाधमनीत सलग सोडतात, त्यामुळे ठोका जाणवण्याइतका चढउतार उरत नाही. गंमत अशी की घरोघरी असलेली सगळी साधनं त्या चढउतारावरच चालतात. ऑक्सिमीटर अडखळतो, बीपीचं ऑटोमॅटिक मशीन कधी आकडा देतं तर कधी नुसती एरर, आणि मनगटी घड्याळातल्या ठोक्यांवर तर विश्वासच ठेवू नये.

मग नाशकात बसून हृदयाचं कसं चाललंय ते कशावरून कळणार? कंट्रोलरवरचे (पंप चालवणारी, अंगाबाहेरची छोटी पेटी) चार आकडे, डॉप्लरने (धमनीतल्या रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र) घेतलेलं बीपी, वजनकाटा आणि घरच्यांचे डोळे. एवढ्यावर बरंच कळतं. फक्त एक पक्कं लक्षात ठेवा: कंट्रोलर पंपाबद्दल बोलतो. हृदयाचं अनुमान आपल्याला काढावं लागतं, आणि ते एका आकड्यावरून कधीच निघत नाही.

खालचे आकडे मुख्यतः हार्टमेट ३ या पंपाचे आहेत. हार्टमेट २ चा स्पीड आठ ते दहा हजारांच्या घरात असतो. एचव्हॅडची विक्री जून २०२१ मध्ये थांबली, तरी आधी बसवलेले पंप काहींच्या छातीत चालू आहेत आणि त्यांचे आकडे अगदीच वेगळे. म्हणून डिस्चार्ज कार्डावर पंपाचं नाव आधी पाहा. तुमच्या केंद्राने (जिथे पंप बसवला ते रुग्णालय) लिहून दिलेली मर्यादा इथल्या आकड्यापेक्षा वेगळी असेल तर केंद्राचीच धरा.

चार आकडे, विहिरीवरच्या मोटारीसारखे

कंट्रोलरचं डिस्प्लेचं बटण दाबत गेलं की स्पीड, फ्लो, पीआय आणि पॉवर एकामागून एक दिसतात.

स्पीड म्हणजे मिनिटाला फेरे. हार्टमेट ३ मध्ये तो साधारण ५००० ते ६००० ठेवतात. केंद्रात मॉनिटर लावूनच तो बदलता येतो, घरी बदलत नाही. त्यामुळे रोज तोच आकडा दिसला पाहिजे. मधूनच खाली आलेला दिसला, तर पंपाने कप्पा रिकामा होतोय असं ओळखून स्वतःहून वेग उतरवला असण्याची शक्यता असते. तो हळूहळू परत चढतो. एकदा दिसलं तर वहीत लिहा, दिवसातून तीन-चारदा दिसलं तर फोन करा.

पॉवर वॉटमध्ये असते, बहुतेकांची ३ ते ७ च्या दरम्यान. ही खरोखर मोजलेली असते.

फ्लो मात्र मोजलेला नसतो, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. मिनिटाला ४.२ लिटर असं स्क्रीन ठामपणे सांगते, पण पंपात रक्ताचं मीटर कुठेच बसवलेलं नाही. पॉवर, स्पीड आणि केंद्राने भरलेला हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) यांवरून कंट्रोलर अंदाज बांधतो. दिंडोरी-निफाडकडच्या बागाईतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. विहिरीवरच्या मोटारीचा अँपिअर बघून पाणी किती पडतंय ते तो ओळखतोच. विहीर आटली की अँपिअर उतरतो. पुढचा व्हॉल्व्ह आवळला तरी उतरतो. आणि मोटार अडकून जड फिरायला लागली की अँपिअर चढतो, पाणी मात्र चढत नाही. पंपाचंही तसंच. रक्ताची गाठ अडकून पॉवर वाढली तर कंट्रोलर त्याला जास्त फ्लो समजतो आणि खोटा चांगला आकडा दाखवतो. हिमोग्लोबिन बरंच बदललं असेल तर नवा हिमॅटोक्रिट केंद्राला कळवायचा तो याचसाठी.

पीआय हा चौघांतला हृदयाच्या सगळ्यात जवळचा. साधारण पंधरा सेकंदांत फ्लो किती वरखाली झाला त्याचं हे माप, बहुतेकांचं ३ ते ६ च्या आसपास. पंप एकसारखा फिरत असताना जो चढउतार दिसतो तो मुख्यतः आपल्या हृदयाच्या उरल्यासुरल्या आकुंचनाचा. कप्पा भरलेला असेल आणि जोर लावत असेल तर पीआय वर, कप्पा रिकामा किंवा थकलेला असेल तर खाली. हार्टमेट ३ दर दोन सेकंदांनी क्षणभर स्वतःचा वेग कमी-जास्त करतो, पंपाच्या आत रक्त साचून राहू नये म्हणून. स्टेथोस्कोपने ऐकताना त्या झटक्याला ठोका समजू नका.

सकाळची दहा मिनिटं

उठल्यावर लघवीला जाऊन यायचं, चहाच्या आधी वजन करायचं. दोन बॅटऱ्याच मिळून साधारण किलोभर भरतात, म्हणून रोज अंगावर तेच सामान ठेवा: एकतर रोज बॅटऱ्यांसह, नाहीतर रोज मेनच्या वायरवर. आज एक, उद्या दुसरं असं केलं तर किलोभर वजन हवेतून येतं आणि लघवीच्या गोळीचा डोस उगाच वाढतो. काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको.

मग पाच मिनिटं टेकून बसू द्या आणि चारही आकडे वहीत घ्या. जिना चढून आल्यावर किंवा वाकून चप्पल घालताना घेतलेले आकडे काही कामाचे नसतात. त्यानंतर कंट्रोलरची रोजची चाचणी: बॅटरीचं बटण पाच सेकंद दाबून धरा, सगळे दिवे लागले पाहिजेत आणि आवाज आला पाहिजे. आवाज येत नसेल तर तो कंट्रोलर रात्री तुम्हाला उठवणार नाही, म्हणजे त्याच दिवशी फोन.

पावलं आणि घोट्यावर अंगठा दाबून खड्डा पडतो का ते बघा. काल रात्री किती उशा लागल्या ते विचारा. लघवीचा रंग बघा: कोऱ्या चहासारखी किंवा कोकम सरबतासारखी झाली असेल तर पंपात रक्तपेशी फुटत असण्याची शंका येते, दुपारपर्यंत वाट पाहू नका. शौच डांबरासारखं काळं झालं तर आतड्यातला रक्तस्राव. लोहाच्या गोळ्यांनीही ते काळपट होतं, पण त्यात चिकटपणा आणि तो उग्र वास नसतो. ड्राइव्हलाइनच्या (पोटातून बाहेर येणारी पंपाची वायर) तोंडाशी लाली, पू, दुखणं आहे का हे ड्रेसिंगच्या वेळी पाहायचंच. परकराचा नाडा किंवा पायजम्याची नाडी नेमकी त्या जागेवर घासते, म्हणून वायर पट्ट्याने वेगळी बांधून ठेवा.

डॉप्लरने बीपी घेणं

हातात मावेल असा डॉप्लर आणि साधं डायलचं बीपी मशीन, दोन्ही घरी हवीत. पहिले आठ दिवस कुणा सिस्टरकडून शिकून घ्या, मग घरच्यांना सहज जमतं.

१. पेशंट बसलेला, पाठ टेकलेली, दंड हृदयाच्या पातळीवर. कफ दंडाच्या मापाचा. बारीक दंडाला मोठा कफ लावला की बीपी खोटं कमी येतं, जाड दंडाला लहान लावला की खोटं जास्त.

२. कोपराच्या घडीत, आतल्या बाजूला जेल लावा. प्रोब उभा धरू नका, साधारण ४५ अंशांत तिरका. वाऱ्यासारखा सलग ‘श्श्श’ आवाज सापडेपर्यंत केसभर सरकवत राहा. जोरात दाबला तर धमनीच दबते आणि आवाज जातो. नवख्यांचं सगळ्यात जास्त चुकतं ते इथे.

३. आवाज बंद होईपर्यंत हवा भरा, मग आणखी २० ते ३० मिलिमीटर.

४. सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर इतक्या हळू हवा सोडा. आवाज पहिल्यांदा परत येतो तो आकडा लिहा. एकच आकडा असतो, ‘वरचं-खालचं’ शोधत बसू नका.

बहुतेक केंद्रं सरासरी दाब ७० ते ९० मध्ये ठेवायला सांगतात. यातली एक खोच ध्यानात घ्या. मनगटाला नाडी अजिबात लागत नसेल तर डॉप्लरचा आकडा सरासरी दाबाच्या जवळ जातो. नाडी नीट लागत असेल तर तोच आकडा वरच्या बीपीकडे झुकतो, म्हणजे खरा सरासरी दाब त्याहून कमी असतो. म्हणून आकड्याशेजारी ‘नाडी आहे’ किंवा ‘नाडी नाही’ असं लिहाच. नाहीतर हृदय थोडं सुधारून नाडी लागायला लागलेल्या माणसाला बीपीची गोळी वाढवून मिळते आणि तो चक्कर येऊन पडतो.

आकडे एकत्र वाचायचे

समजा एका पेशंटचा नेहमीचा हिशोब असा आहे: स्पीड ५४००, फ्लो ४.२, पीआय ४.३, पॉवर ४.१, डॉप्लर ८२, वजन ६१ किलो. मे महिन्यातल्या एका सकाळी फ्लो ३.१, पीआय २.४, पॉवर ३.७ येते. स्पीड तोच. आता यावरून काय म्हणाल?

अजून काहीच म्हणू नका. काटा बघा.

वजन ५९.६ असेल, तोंड कोरडं, लघवी कमी आणि गडद पिवळी, आदल्या दिवशी जुलाब किंवा उन्हात लग्नाला जाऊन आलेले, डॉप्लर ७० च्या खाली, तर विहीर आटली आहे. शरीरातलं पाणी कमी झालंय, कप्पा भरतच नाही. पेशंटला आडवं करा, लघवीची गोळी देण्याआधी केंद्राला फोन लावा आणि पाणी किती द्यायचं ते विचारा. अशा वेळी रोजच्या सवयीने दिलेली गोळी दुपारपर्यंत लाल अलार्म वाजवते. रक्तस्रावातही चित्र हेच दिसतं, म्हणून शौचाचा रंग विचारायला विसरू नका.

तेच आकडे, पण वजन ६३, घोटे सुजलेले, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, पोट तट्ट, जेवण जात नाही. आता विहीर आटलेली नाही, विहिरीकडे येणारा पाटच कोरडा पडलाय. उजवी बाजू थकली आहे. एलव्हॅड डाव्या बाजूला मदत करतो, पण त्याला रक्त पुरवायचं काम उजव्या कप्प्याचं, आणि त्याला पंप नसतो. इथे पाणी पाजलं तर बिघडतं. स्क्रीनवर दोन्ही माणसं एकसारखी दिसतात, उपचार मात्र उलट. रोजचं वजन इतकं महत्त्वाचं आहे ते यासाठी. दोन दिवसांत दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलो वाढ झाली तर आकडे चांगले असले तरी कळवा. हृदयाभोवती पाणी किंवा रक्त साठलं तरीही फ्लो आणि पीआय दोन्ही पडतात, शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ही शंका आधी घ्यायची.

फ्लो कमी पण पीआय चढलेला, समजा ६.५, आणि डॉप्लर १०४: पुढचा व्हॉल्व्ह आवळलाय. सलग फिरणारा पंप समोरच्या दाबापुढे लगेच नमतो. बीपीची गोळी चुकली का, मिसळ-पापड-लोणचं जास्त झालं का, सर्दीचं औषध घेतलं का ते विचारा. दुसऱ्या बाजूने, चढलेलं बीपी म्हणजे मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका. ‘जरा वाढलंय’ म्हणून सोडायचं नाही.

पॉवर वाढत चाललेली, फ्लो बघायला छान, ५.८, पीआय मात्र पडलेला आणि पेशंटला दम लागतोय. हा तो खोटा फ्लो. पंपात गाठ असण्याची शंका घ्या. पॉवर नेहमीपेक्षा दोन वॉटनी वर टिकून राहिली किंवा दहाच्या पुढे गेली तर उशीर नको. हार्टमेट २ मध्ये हे बरंच दिसायचं, ३ मध्ये क्वचित. हार्टमेट ३ मध्ये त्याऐवजी पंपातून महाधमनीकडे जाणारी नळी पिळली किंवा बाहेरून दाबली गेली, तर महिनोन्‌महिने फ्लो थोडा थोडा उतरत जातो. एका दिवसाच्या आकड्यात ते कळत नाही, वही मागे चाळली की कळतं.

महाधमनीची झडप गळत असेल तरी फ्लो जास्त आणि पीआय कमी दिसू शकतो. टाकीत चढवलेलं पाणी परत विहिरीत पडतंय, मोटार बिचारी फिरतेय.

शेवटचा प्रकार फसवा. छातीत धडधड, अंगात त्राण नाही, फ्लो आणि पीआय खाली, पण माणूस उठून बसलाय, बोलतोय. खालच्या कप्प्याची घातक वेगवान लय सुरू असतानाही एलव्हॅडचा पेशंट शुद्धीवर असू शकतो. ईसीजी काढल्याशिवाय ‘गॅस झालाय’ म्हणून घरी पाठवू नये. उजवी बाजू अशा लयीत फार काळ तग धरत नाही.

अलार्म आणि वीज

कंट्रोलरवर पिवळा पाना (स्पॅनरचं चिन्ह) म्हणजे सूचना, कळवा. पिवळी बॅटरी म्हणजे पंधरा मिनिटांहून कमी चार्ज, लाल बॅटरी म्हणजे पाच मिनिटांहून कमी. लाल हृदय आणि सलग आवाज म्हणजे फ्लो अडीच लिटरच्या खाली गेला किंवा पंप थांबला: आधी ड्राइव्हलाइन आणि दोन्ही वायरी घट्ट आहेत का पाहा, सुटलेलं असेल ते ताबडतोब जोडा आणि फोन करा. पंप थांबला तर रक्त त्याच नळीतून उलटं कप्प्यात येतं, आत अडवणारी झडप नसते.

बॅटऱ्या एकेक करून बदलायच्या, दोन्ही एकदम कधीच नाही. भरलेली जोडी साधारण दहा-बारा तास जाते, चार्जिंगला चारेक तास लागतात. कंट्रोलरच्या आतली राखीव बॅटरी पंधरा मिनिटांची, ती संकटासाठी आहे, आळसासाठी नाही.

झोपताना मेनच्या युनिटवर झोपा. सॉकेट अर्थिंग असलेलं तीन पिनी हवं, आणि भिंतीवरच्या बटणाने बंद होणारं नको असं कंपनी सांगते. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण असतंच. त्यावर जाड चिकटपट्टी लावा, नाहीतर सकाळी कुणीतरी सवयीने खटकन बंद करतं. महावितरणचा देखभालीसाठी वीज बंदचा मेसेज येतो, त्या दिवशी सकाळी सगळ्या बॅटऱ्या भरलेल्या हव्यात.

बॅटऱ्यांना चाळीस अंशांच्या वर चालत नाही. एप्रिल-मेमध्ये कॉलेज रोडला उभ्या केलेल्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त होतं, बॅग गाडीत ठेवून खरेदीला जाऊ नका. कसारा घाट उतरून मुंबईला तपासणीला निघताना सुटी बॅटऱ्यांची जोडी आणि दुसरा कंट्रोलर हाताशी हवा, डिकीत नाही.

पाण्यात बुडून अंघोळ नाही, पोहणं नाही. सिंहस्थाच्या काळात रामकुंडावर डुबकी मारायची इच्छा होणारच. ती घाटावरून हात जोडून भागवा, ड्राइव्हलाइनच्या तोंडातून गेलेला जंतू थेट पंपापर्यंत वाट काढतो. एकादशी, श्रावणी सोमवारचे निर्जळी उपास केंद्राला विचारल्याशिवाय धरू नका. कारण वर आलंच आहे, विहीर आटते. रक्त पातळ करायच्या गोळीवर असताना मेथी-पालक बंद करायची गरज नाही, आठवड्याला जेवढी खाता तेवढीच खात राहा. हिवाळ्यात भाजी स्वस्त झाली म्हणून रोज पालक सुरू केला की आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचं माप) उतरतो. बहुतेकांचं लक्ष्य २ ते ३ असतं.

इकोला जाताना

नाशकातल्या इको सेंटरला एलव्हॅडचा पेशंट क्वचितच मिळतो, म्हणून मागणी चिठ्ठीतच सगळं लिहून न्या. ‘ईएफ किती’ (दर ठोक्याला कप्पा किती टक्के रिकामा होतो) याला इथे फारसा अर्थ नाही. रिपोर्टवर सगळ्यात वर त्या वेळचा स्पीड आणि बीपी हवं, त्याशिवाय दोन इको एकमेकांशी ताडता येत नाहीत. मग डाव्या कप्प्याचा व्यास, मधला पडदा कुठे झुकलाय, महाधमनीची झडप उघडते का, झडपांची गळती, उजव्या कप्प्याचं आकुंचन, खालच्या महाशिरेची रुंदी, हृदयाभोवती पाणी. झडप किमान पाच-सहा ठोके सलग बघायची. प्रत्येक ठोक्याला, अधूनमधून की कधीच नाही, यातला फरक मोठा. कधीच न उघडणारी झडप कालांतराने चिकटते, गळायला लागते, तिच्या वर गाठ धरू शकते. पडदा डावीकडे ओढला गेला असेल तर स्पीड जास्त किंवा उजवी बाजू कमजोर, उजवीकडे फुगला असेल तर कप्पा पुरेसा मोकळा होत नाहीये. हृदयाच्या टोकाकडून बघताना पंपाची सावली पडते, तंत्रज्ञाला आधीच सांगा म्हणजे तो बाजूने बघायच्या जागा शोधेल.

इको साधारण पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि पुढे सहा ते बारा महिन्यांनी. सोबत हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, लिव्हरच्या तपासण्या आणि एलडीएच (रक्तपेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम). एलडीएच नेहमीच्या कमाल मर्यादेच्या अडीच पटीपुढे गेला तर रक्तपेशी फुटत आहेत असं धरून चालायचं. स्पीड पायरीपायरीने बदलत इको करायची चाचणी, हार्टमेट ३ मध्ये एका वेळी शंभरेक फेऱ्यांनी, फक्त केंद्रात होते. आधी आयएनआर पुरेसा आहे ना ते बघतात, कारण बंद असलेली झडप उघडली की वर बसलेली गाठ सुटू शकते. एमआरआय कधीच नाही, सीटी चालतो.

खिशातलं कार्ड

रात्री १०८ ची अँब्युलन्स आली किंवा जवळच्या कॅज्युअल्टीत नेलं, की पहिला गोंधळ नाडीवरून होतो. मराठीत एक कार्ड लॅमिनेट करून कंट्रोलरच्या पिशवीला अडकवा. मजकूर एवढाच:

‘मला हृदयाचा पंप बसवलेला आहे. नाडी लागणार नाही, ऑक्सिमीटर चुकेल. छातीच्या डाव्या खालच्या भागावर स्टेथोस्कोप ठेवून पंपाची घरघर ऐका. घरघर आहे, पण मी बेशुद्ध असेन तर डॉप्लरने बीपी, साखर, ईसीजी आणि पक्षाघात तपासा. घरघर नसेल तर वायरी, ड्राइव्हलाइन, बॅटऱ्या जोडा. पंप सुरू होत नसेल आणि शरीरात रक्त फिरत असल्याची खूण नसेल तर छाती दाबणं सुरू करा. शॉक देता येतो, त्यासाठी पंपाच्या वायरी काढू नका. कंट्रोलरची पिशवी माझ्यासोबतच न्या. केंद्राचा चोवीस तासांचा नंबर मागे आहे.’

मागच्या बाजूला नंबराखाली पंपाचं नाव, ठरलेला स्पीड, नेहमीचे फ्लो-पीआय-पॉवर, आयएनआरचं लक्ष्य आणि रक्तगट. स्पीड बदलून आलात की कार्डही त्याच दिवशी बदला.